वस्तीची गाडी : वाडीची माणसं आणि वाडीची वाट

विहाराच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी काहीतरी ऐतिहासिक लिहून द्या, असा निरोप कार्यकारिणीने पाठवला. इतिहास म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे राजे, लढाया आणि सनावळ्या येतात. आम्ही काही प्राध्यापक नाही. गिरणीच्या रिंगखात्यात उभं राहून आमचं आयुष्य गेलं आणि वाचन जे काही झालं ते पाळी सुटल्यावर वाचनालयाच्या बाकावर. तेव्हा जे आम्हाला ठाऊक आहे तेच लिहितो.

आपल्या या भागातली बरीचशी घरं कोकणातली. प्रत्येकाचा एक गाव आहे, त्या गावाच्या अगदी शेवटाला एक बौद्धवाडी आहे, आणि त्या वाडीपर्यंत पोचायची एक कहाणी आहे. आमचा गाव रत्नागिरी जिल्ह्यात, मंडणगड तालुक्यात. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. एक तर गावात आमचं अजून येणंजाणं आहे, कुणाला उगीच बोल लागायला नको. दुसरं असं की खेड, दापोली, गुहागर, पोलादपूर, कुठल्याही तालुक्यातल्या गावाचं नाव तिथं घातलं तरी कहाणीत फारसा फरक पडायचा नाही.

माणसं गाव सोडून का गेली, इथून सुरुवात करू. कोकणात जमीन थोडी, त्यातली भाताची खाचरं खोताच्या ताब्यात, आणि आपल्या लोकांच्या वाट्याला डोंगरउतारावरची वरकस. तिथं नाचणी-वरी पिकणार, ती चार महिने पुरली तर पुरली. वर महारकीची गावकामं आणि खोताची वेठ. बाबासाहेबांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबईच्या विधिमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं, १० जानेवारी १९३८ रोजी शेतकऱ्यांचा मोठा मोर्चा कौन्सिल हॉलवर नेला. खोती प्रत्यक्षात रद्द करणारा कायदा मात्र १९४९ साली झाला, आणि महार वतन १९५८ च्या कायद्याने गेलं. तोवर चार-पाच पिढ्या पोटासाठी बाहेर पडल्या होत्या.

पहिली वाट लष्कराची. इंग्रजांच्या मुंबई लष्करात कोकणातले महार मोठ्या संख्येने होते आणि दापोलीचा कॅम्प म्हणजे पेन्शनरांचं ठाणंच होतं. १८८८ साली 'विटाळ विध्वंसन' लिहिणारे गोपाळबाबा वलंगकर हे मूळचे महाडजवळच्या रावढळचे, तेही लष्करातूनच निवृत्त होऊन दापोलीला राहिले. बाबासाहेबांचं मूळ गाव आंबडवे हे आमच्याच तालुक्यातलं. सकपाळ घराण्यातले सुभेदार रामजी लष्करात गेले, बाबासाहेब जन्मले महूला, आणि गावाचं नाव आडनावात राहून जगभर गेलं. आमच्या तालुक्यातून बाहेर पडून सगळ्यांत लांब गेलेलं नाव ते हेच. पुढे १८९२ च्या सुमाराला महारांची लष्करभरती थांबवली गेली आणि ती वाट बुजली. राहिली मुंबईची.

मुंबईच्या गिरण्यांना सर्वांत जास्त माणसं पुरवणाऱ्या जिल्ह्यांत रत्नागिरी पुढे होता. गिरणीतसुद्धा आपल्या माणसाला सगळी दारं उघडी नव्हती. विणकाम खात्यात धोट्यातून धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे. उष्टा धागा पुढच्याच्या तोंडात जाईल म्हणून अस्पृश्य समजलेल्या माणसाला साच्यावर घेत नसत. पगार तिथं जास्त होता. आपली माणसं राहिली रिंगखात्यात, बाबिणी काढत.

आता वाट. आमच्या आजोबांच्या वेळी मुंबई गाठायची म्हणजे बोट. गावातून घाटी उतरून खाडीला जायचं, पडावात बसायचं, पडावातून बोटीत चढायचं आणि भाऊच्या धक्क्यावर उतरायचं. पावसाळ्यात बोटी बंद. म्हणजे जून ते सप्टेंबर मुंबईतला माणूस मुंबईत आणि गावातला गावात. बाप गेल्याचं पत्र पोचायचं ते कार्य उरकल्यावर. १७ जुलै १९४७ रोजी 'रामदास' बोट भाऊच्या धक्क्यावरून रेवसला जाताना बुडाली, सहाशेहून जास्त माणसं गेली. आमची आजी पुढे बरीच वर्षं कुणी मुंबईला निघालं की "रामदास आठव रं" म्हणायची, मग तो एसटीने का निघालेला असेना.

पण वाट असली म्हणजे चालायला मिळते असंही नव्हतं. बाबासाहेबांनी स्वतःच्या आठवणी लिहून ठेवल्यात त्यात १९०१ सालची हकिकत आहे. साताऱ्याहून भावंडं वडिलांना भेटायला निघाली. पाडळीला आगगाडीत बसली, मसूर स्टेशनात उतरली. आगगाडीने तिकीट घेतलं आणि आणून सोडलं, जात काही विचारली नाही. पुढं मात्र बैलगाडी लागायची. मुलं महाराची आहेत कळल्यावर एक गाडीवाला तयार होईना. शेवटी दुप्पट भाडं द्यायचं आणि गाडी मुलांनीच हाकायची, गाडीवान बाजूने चालणार, असा सौदा ठरला. १९२९ साली बाबासाहेब बॅरिस्टर झालेले, कायदेमंडळाचे सभासद. चाळीसगावला टांगेवाला त्यांना बसवून टांगा हाकायला तयार नाही. आपल्याच एका माणसाने, ज्याला टांगा हाकायची सवय नव्हती, लगाम हाती घेतला. टांगा मोरीवर आपटला, बाबासाहेब दगडांवर फेकले गेले आणि पायाचं हाड मोडलं. डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या सत्याग्रह परिषदेला जाताना मंडळी धरमतरवरून मोटारीने गेली नाहीत, कारण मोटारवाल्यांचा भरवसा नव्हता. बोटीने दासगावला उतरली आणि पाच मैल पायी चालत महाडात गेली. आम्ही लहानपणी ऐकायचो की चालण्यात शिस्त होती म्हणून चालले. शिस्त होतीच. पण गाडी विश्वासाची नव्हती हेही खरं, आणि ते पोरांना सांगायला पाहिजे.

स्वातंत्र्यानंतर एसटी आली. पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर (आताचं अहिल्यानगर) धावली. लाल गाडीत तिकीट काढलं की बाक सगळ्यांना सारखा, ही गोष्ट आज लहान वाटते. आमच्या वडिलांना ती लहान वाटत नसे. ते म्हणायचे, "देवळात नाय, विहिरीवर नाय, पण एसटीत खोताच्या शेजारी बसलो." तालुक्यापर्यंत गाडी आली, मग मोठ्या गावांपर्यंत. आमच्या गावापर्यंत नाही, कारण रस्ताच नव्हता.

इथं १९८२ साल येतं. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या घरात कामगार बाहेर. आम्ही तेव्हा सातवीत. वडिलांनी चार महिने वाट पाहिली आणि खोलीला कुलूप लावून आम्हा सगळ्यांना गावी नेलं. वाडीत त्या वर्षी प्रत्येक घरात मुंबईहून परतलेलं बिऱ्हाड. पडवीतसुद्धा माणसं झोपायची. म्हातारे सांगायचे की त्यांच्या बापजाद्यांच्या वेळी, १८९६ साली मुंबईत प्लेग आला तेव्हा, गाव असंच भरलं होतं. तिसऱ्यांदा भरलेलं आम्ही डोळ्यांनी पाहिलं ते २०२० साली, कोरोनात. प्लेग, संप, कोरोना. चांगल्या कारणासाठी आमचं गाव कधी भरलं नाही.

संपाच्या त्या काळात गावच्या रस्त्याचं काम रोजगार हमीतून निघालं. गिरणीत तीन-चार यंत्रं एका वेळी सांभाळणारे हात घण घेऊन काळा दगड फोडायला लागले. वाडीतले बाप्ये आणि बायामाणसं दोन उन्हाळे त्या कामावर होती. आम्हीसुद्धा शाळेला दांडी मारून पाट्या उचलल्यात. रस्ता डोंगराला वळसा घालून आला आणि मूळ गावाच्या शाळेपाशी थांबला. तिथून आमची वाडी पाऊण मैल, मध्ये पऱ्या. पऱ्यावर लाकडी साकव, आणि साकवापलीकडे पाखाडी. मोजणीच्या कागदावर रस्ता "गावापर्यंत" पूर्ण होता. आमची वाडी त्या गावातच होती, पण कागदाच्या हिशेबाने गाव आमच्या अलीकडेच संपत होतं.

मग वस्तीची गाडी सुरू झाली. ज्यांना माहीत नाही त्या शहरातल्या मुलांसाठी सांगतो. संध्याकाळी तालुक्याहून निघालेली शेवटची एसटी रात्री गावात मुक्कामाला राहते आणि पहाटे तीच पहिली गाडी म्हणून परत फिरते, ती वस्तीची गाडी. तिचा आवाज डोंगराच्या वळणावर आला की सगळ्या वाड्यांना कळायचं, सात वाजले. कोण आलं ते बघायला माणसं बाहेर यायची. मुंबईची पार्सलं, मनीऑर्डरचे निरोप, बाळंतिणीचा डिंक, बाबासाहेबांच्या फोटोची फ्रेम, सगळं त्या गाडीने आलं. मॅट्रिकला तालुक्याला शिकायला जाणारी पहिली मुलगी आमच्या वाडीतून पहाटेच्या त्याच गाडीने गेली. कंदील घेऊन तिचा बाप तिला साकव ओलांडून पोचवायचा. ती पुढं परिचारिका झाली.

आणि १९८८ चा पावसाळा. आम्ही तेव्हा नुकतेच बदलीवर लागलो होतो. गिरणीच्या दारात तार मिळाली. आमची चुलती, पोटात सातवा महिना, रात्री दुखायला लागलं. पऱ्याला पाणी, साकव आदल्या दिवशी वाहून गेलेला. चौघांनी आरामखुर्चीला बांबू बांधून डोली केली आणि वरच्या अंगाने, जंगलातून, पाणी उथळ होतं तिथून नेली. शाळेपर्यंत पोचायला अडीच तास लागले. वस्तीची गाडी समोर उभी होती आणि ड्रायव्हर भला माणूस, वेळ नसताना गाडी काढायला तयार झाला. पण तोपर्यंत चुलती गेली होती. पाऊण मैलाला अडीच तास, हा हिशेब आमच्या डोक्यातून अजून जात नाही.

त्यानंतर मुंबई मंडळाने वर्गणी काढली. दर घरटी महिन्याला दहा रुपये. मे महिन्यात जयंतीला गावी गेलो की श्रमदान. दोन वर्षांत दगडी खांबांवर साकव उभा केला, पुढे काही वर्षांनी सरकारी निधीतून सिमेंटचा झाला. रस्ता मात्र होईना. त्याला कारणं दोन, एक माणसांचं आणि एक आकड्यांचं.

माणसांचं आधी सांगतो. रस्त्याला जागा पाहिजे आणि पऱ्यापलीकडची खाचरं मूळ गावच्या लोकांची. संमतीपत्रावर सही कोण करणार? बारा-तेरा वर्षं कुणी केली नाही. कुणी उघड नाही म्हणत नव्हतं, "बघू की" म्हणायचे. शेवटी सही केली ती एका म्हाताऱ्या कुणब्याने. तो आमच्या वडिलांबरोबर एकाच गिरणीत होता, एका चाळीत राहिला होता, संपात त्यांच्याबरोबर खडी फोडत होता. सही करताना म्हणाला, "तुझ्या बापाने फोडलेली खडी माझ्या दारात टाकलीय, आता माझा बांध तुझ्या दारात जाऊ दे." त्याच्या भावकीने त्याला वर्षभर बोल लावला.

आकड्यांचं कारण समजून घ्यायला आम्हाला पुस्तकं चाळावी लागली. २५ डिसेंबर २००० रोजी प्रधानमंत्री ग्रामसडक योजना सुरू झाली. (तारीख पाहा. त्याच तारखेला १९२७ साली महाडला मनुस्मृती जाळली होती. योगायोग आहे, दुसरं काही नाही.) योजनेत नियम असा की सपाट प्रदेशात पाचशे किंवा जास्त लोकसंख्येच्या, रस्ता नसलेल्या वस्त्यांना बारमाही रस्ता द्यायचा. डोंगरी राज्यं, वाळवंट आणि आदिवासी क्षेत्र यांना अडीचशेची सवलत. आमचा भाग डोंगरच डोंगर, पण महाराष्ट्र काही डोंगरी राज्य नाही. देशावर गाव एका ठिकाणी दाट असतं, म्हणून पाचशेचा आकडा सहज भरतो. कोकणात गाव म्हणजे दहा वाड्या डोंगरभर विखुरलेल्या, एकेका वाडीत वीस-तीस घरं. पाचशे आणायचे कुठून? २०२४ साली मंजूर झालेल्या चौथ्या टप्प्यातही पाया तोच आहे, सपाटीला पाचशे, आणि मोजमाप २०११ च्या जनगणनेचं.

आता २०११ ची जनगणना काय सांगते ते बघा. महाराष्ट्राची लोकसंख्या २००१ ते २०११ या दहा वर्षांत सुमारे सोळा टक्के वाढली. त्याच दहा वर्षांत रत्नागिरी जिल्हा १६,९६,७७७ वरून १६,१५,०६९ वर आला. एक्याऐंशी हजारांहून जास्त माणसं कमी. सिंधुदुर्ग ८,६८,८२५ वरून ८,४९,६५१ वर. दुष्काळ नाही, साथ नाही, आणि जिल्हा घटतो. आणखी एक आकडा आहे, ज्याचं कौतुक वर्तमानपत्रात छापून येतं. रत्नागिरीत २००१ साली दर हजार पुरुषांमागे १,१३६ बायका होत्या, २०११ साली १,१२२. राज्यात तेव्हा ९२९. लोक म्हणतात, कोकणात मुलीला मान आहे. असेलही. पण आम्हाला विचाराल तर तिथं बायका जास्त झालेल्या नाहीत, बाप्ये मुंबईत मोजले गेलेत. आमची आई गावात मोजली गेली, वडील परळला. एका चुलीचे दोन हिशेब झाले आणि वाडीच्या वाट्याला अर्धाच आला.

म्हणजे रस्ता नाही म्हणून माणसं गेली, आणि माणसं गेली म्हणून रस्ता नाही. यात चोर शोधायला जाऊ नका, सापडायचा नाही. नियम करणाऱ्याने देशाचा विचार केला असेल, कोकणातल्या वाडीचा केला नाही, इतकंच. वस्त्यांच्या विकासाच्या ज्या योजना आपल्या समाजासाठी म्हणून आहेत, त्यांचा निधीसुद्धा वस्तीच्या लोकसंख्येच्या टप्प्यांप्रमाणे मिळतो. डिसेंबर २०२० मध्ये शासनाने महारवाडा, मांगवाडा अशी जातीवाचक नावं बदलायचा निर्णय केला, ते चांगलंच झालं. आमच्या वाडीचा फलक आता नवा आहे. फलक वाचायला माणूस किती, हा प्रश्न तेवढा राहिला.

रेल्वेचंही सांगून टाकतो. कोकण रेल्वे २६ जानेवारी १९९८ ला पूर्ण मार्गाने सुरू झाली. जॉर्ज फर्नांडिस आणि मधू दंडवते यांचे उपकार कोकण विसरणार नाही. पण ती खेड-चिपळूणवरून गेली. मंडणगड, दापोली, गुहागर बाजूलाच राहिले. आमच्यासाठी स्टेशन म्हणजे खेड, आणि तिथून पुन्हा गाडी शोधा. मुंबई-गोवा महामार्ग रुंद करण्याचं काम तर एवढं रखडलं की त्यावर बोलायला नको. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडला सावित्रीवरचा जुना पूल वाहून गेला, दोन एसटी गाड्या माणसांसकट गेल्या. तिथं नवा पूल वर्षाच्या आत, २०१७ च्या जूनमध्ये उभा राहिला. व्हायलाच पाहिजे होता. मनात आणलं तर वर्षात पूल होतो, एवढं त्यातून आम्हाला कळलं.

आमच्या वाडीचा रस्ता शेवटी २०१४ साली डांबरी झाला, कुठल्या कुठल्या निधीचे तुकडे जोडून. विहारापर्यंत चारचाकी जाते. जयंती आम्ही कोकणी लोक मे महिन्यात करतो हे आपल्याला माहीत आहेच, सुट्टीला सगळे असतात म्हणून. त्या चार दिवसांत वाडीत गाड्या लावायला जागा नसते. आणि जून उजाडला की कुलपं. आमच्या लहानपणी ज्या वाटेने डोली न्यावी लागली ती वाट आता गुळगुळीत आहे, आणि डोली उचलायला चार खांदे मिळायचे नाहीत अशी गत आहे.

कोरोनात आमची गिरणी थांबली ती थांबलीच. मार्च २०२० नंतर भोंगा झाला नाही. आम्ही दोन महिने गावात होतो, शाळेत चौदा दिवस वेगळे काढले. तेव्हा वाडी भरलेली पाहिली आणि मनात आलं, थोडी माणसं इथं राहतील का? पोरांना नेट मिळेना, नोकऱ्या परत बोलवू लागल्या, दिवाळीपर्यंत सगळे परतले. वस्तीची गाडीसुद्धा टाळेबंदीत बंद झाली ती पूर्ववत झाली नाही. भारमान मिळत नाही, असं उत्तर येतं. भारमान म्हणजे बाकांपैकी किती भरले त्याचा हिशेब. खोटं नाही ते. २०२२ पासून पंचाहत्तरीपुढच्यांना एसटीचा प्रवास मोफत आहे, मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट. आमच्या वाडीत राहिलेत ते नेमके म्हातारे आणि बायकाच, आणि गाडी शाळेपर्यंतसुद्धा येत नाही.

जनगणनेचं एक राहिलं. १९५१ साली आताच्या महाराष्ट्रात बौद्ध म्हणून नोंद होती २,४८७ जणांची. १४ ऑक्टोबर १९५६ ची दीक्षा झाली आणि १९६१ साली तीच नोंद २७,८९,५०१ झाली. आपल्या बापजाद्यांनी, ज्यांना सही येत नव्हती त्यांनी, शिरगणतीच्या मास्तरला बसवून घेऊन "बौद्ध लिहा" म्हणून सांगितलं तेव्हा हा आकडा झाला. २०२१ ची जनगणना कोरोनामुळे झाली नाही. पुढच्या जनगणनेची अधिसूचना १६ जून २०२५ ला निघाली, तिचा संदर्भ दिनांक १ मार्च २०२७ धरला आहे आणि तिच्यात जातही विचारायची ठरली आहे. धर्माच्या रकान्यात काय सांगायचं यावर विहारात बैठका होतील, त्या व्हाव्यात. पण कुठं मोजले जाणार, यावरही बोला. खोटी नोंद करा असं आमचं म्हणणं नाही, जो जिथं राहतो तिथंच मोजला गेला पाहिजे. पण जे निवृत्त झालेत, ज्यांना दहा बाय बारात पोरांच्या पायाखाली यावं लागतंय, ज्यांचं गिरणी कामगाराचं घर शेलू-वांगणीच्या वाऱ्या करण्यात अडकलंय, त्यांनी गावातल्या घराचं कुलूप काढायचा विचार एकदा करून बघावा. आमच्या घरात तो विचार चालू आहे. सौभाग्यवती म्हणतात, दवाखान्याचं काय? त्यांचं म्हणणं रास्त आहे.

गेल्या मेमध्ये आम्ही सात-आठ जण आगारात अर्ज घेऊन गेलो होतो, वस्तीची गाडी परत सोडा म्हणून. साहेबांनी बसवलं, चहा दिला, आणि विचारलं, "रोज पहाटे नक्की किती माणसं चढतील? नावांची यादी द्या." आम्ही वाडीवाडीतून फिरून यादी करतोय. कुणबीवाडीची बावीस झाली, मूळ गावची एकोणीस. आमच्या वाडीची अकरा. त्यात दहावीला तालुक्याला जाणाऱ्या दोन मुली आहेत, एक डायलिसिसला जाणारे गृहस्थ आहेत, आणि सर्वांत वर आमच्या शहाऐंशी वर्षांच्या आईचं नाव आहे. तिला कुठंच जायचं नसतं. तरी ती म्हणाली, "लिव माजं बी. मी बसन गाडीत."